डोळे सगळ्यात शेवटी

नायब : म्हणजे झालं ना सगळं?

उस्ताद : डोळे सोडून.

नायब : मग झालंच की. डोळे तर नकोच आहेत.

उस्ताद : तसं नसतं, नायबसाहेब. आधी झगा, मग मोती, मग गाल. डोळ्यांची जागा आम्ही कोरी ठेवतो आणि सगळ्यात शेवटी भरतो. माझे वडील तसंच करायचे, आजोबाही तसंच. डोळे भरले की कुंचला धुऊन ठेवायचा, मग चित्राला हात लावायचा नाही.

नायब : बरं आहे, आपलं जमतंय. माझंही काम शेवटीच आहे. पोराच्या चेहऱ्यावर मी जागा रिकामी करतो, तू बघून रंगव. हुकूम पाठ आहे ना?

उस्ताद : आहे.

नायब : म्हणून दाखव.

उस्ताद : हमदान सुभ्याच्या बंडखोर हाकिमाचा शाही रक्ताचा मुलगा फरामर्झ मिर्झा, वय वर्षं सात. त्याचे दोन्ही डोळे डबीत, आणि डोळे गेलेल्या चेहऱ्याचं चित्र हस्तिदंतावर. दोन्ही आज सूर्य मावळायच्या आत शाहांच्या छावणीत.

नायब : शाबास. आणि चित्र कशाला हवंय, ते कळलं ना तुला? तख्तावर डोळा ठेवून बसलेले काका-चुलते कमी नाहीत. एकेकाच्या घरी तो हस्तिदंत फिरणार. आंधळा तख्तावर बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण एकदा पोराचं तोंड बघितलं की नीट ध्यानात राहतं.

उस्ताद : शाहांना चित्रांची फार आवड.

नायब : टोमणा मारू नकोस. तुझ्यावर खूश आहेत ते. परवा हाकिमाचं मुंडकं पाठवलं, त्याच्या गालांना तू काय रंग दिला होतास. शाह म्हणाले, जिवंतपणी हा एवढा देखणा कधी नव्हता.

उस्ताद : उन्हाने काळं पडलं होतं. ओळखू आलं नसतं. तुम्हीच सांगितलंत, रंग लाव.

नायब : सांगितलं, आणि तू लावलास. म्हणून तर तू इथे गालिच्यावर बसलायस आणि तो माळी बाहेर खांबाला बांधलाय. पोर कुठे लपवलं ते एक कान जाईपर्यंत सांगेना गाढव. शेवटी बर्फाचं तळघर दाखवलं. ऐकतोयस ना?

उस्ताद : केव्हाचा ऐकतोय.

नायब : माझ्या माणसाच्या हाताला चावलाय तो. येतो जरा त्याच्याकडे बघून, सुरीलाही धार लावायचीय. आणि एक सांगून ठेवतो. पोर चार वर्षांचं असताना तू केलेला हस्तिदंत छावणीत आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघणार आहेत. तेव्हा आचाऱ्याचं नाहीतर मोतद्दाराचं पोर पुढे करायचं डोक्यात असेल तर काढून टाक. डोळ्यांचा तो मधासारखा रंगसुद्धा तूच त्यात घालून ठेवलायस. तसा रंग अख्ख्या घराण्यात दुसऱ्या कुणाचा नाही.

उस्ताद : ठाऊक आहे.

नायब : ए दाई. पट्टी झाली का शिवून?

नबात : होतेय.

नायब : लवकर आटप. आणि उगाच रडून रेशीम भिजवू नकोस.

नबात : गेला?

उस्ताद : अंगणात आहे. हळू बोल, नबात.

नबात : हळू कशाला? माळ्याच्या ओरडण्यात माझं कुणाला ऐकू जातंय? मुडदा बशिवला मेल्याचा. काळं रेशीम आणून टाकलंय माझ्यापुढे. ज्याला मी अंगावर पाजलं, त्याच्या खोबणींवर बांधायची पट्टी मीच शिवायची. सकाळी कात्री घेऊन धावले त्याच्या अंगावर, तर ही बोटं मुरगाळली. बघा, सुई धरवत नाही. ओवून द्या एवढी.

उस्ताद : आण. घे.

नबात : एवढ्यात?

उस्ताद : एका केसाचा कुंचला धरून जन्म गेला माझा. सुईचं भोक म्हणजे वेशीचा दरवाजा.

नबात : डोळे चांगले आहेत तुमचे. मन तसं असतं तर बरं झालं असतं. बारा वर्षं ज्याचं मीठ खाल्लंत, त्याच्या मुंडक्याला लाली लावलीत.

उस्ताद : नसती लावली तर माझं मुंडकं त्याच्या शेजारी लागलं असतं. मग दोघांना लाली कोण लावणार?

नबात : हसायला येतं तुम्हाला?

उस्ताद : नाही. तोंडाला सवय आहे, ते बोलत सुटतं. हाकीमसाहेबांच्या मिशा विंचरल्या मी, नबात. दरसाल नवरोजाला चित्रासाठी बसायचे तेव्हा म्हणायचे, उस्ताद, मिशा दाट कर. परवा दाट केल्या. दोन दिवस हात धुतोय, वास जात नाही.

नबात : जाऊ नये तो. कधीच जाऊ नये.

उस्ताद : बरोबर आहे तुझं. पोर काय करतंय?

नबात : आत तितराला दाणे घालतोय. त्याला सांगितलंय, उस्ताद पुन्हा चित्र करतायत. मघाशी विचारत होता, या खेपेला माझ्या मुठीवर ससाणा काढतील का? तीन दिवस तुमच्यासमोर बसला बिचारा. पापणी हलवू नकोस म्हणालात, तर डोळ्यांत पाणी आलं तरी हलवली नाही त्याने. अब्बाजान परत आल्यावर चित्र बघतील, म्हणाला.

उस्ताद : चार वर्षांचा होता तेव्हा असा नव्हता. माकड होतं नुसतं. डोळ्यांचा रंग पकडता पकडता माझ्या नाकी नऊ आले होते. रंग कालवावा, मान वर करावी, तर हा पडद्याआड. शेवटी मी काय केलं सांगू? आरसा पुढे ठेवला आणि माझ्याच डोळ्यांत बघून रंग जुळवला.

नबात : तुमच्या?

उस्ताद : माझी आई गुर्जिस्तानातून आणलेली. त्याच्या आईसारखीच, गुलामांच्या बाजारातून. डोळ्यांचा हा रंग तिकडचाच. कुणाच्या लक्षात येत नाही. चितारी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो, चिताऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतंय?

नबात : आता कशाला सांगता हे?

उस्ताद : खिडकीपाशी ये. माझ्याकडे बघ. नीट बघ.

नबात : बघितलं.

उस्ताद : मग? त्याचे डोळे रोज बघतेस तू.

नबात : तसेच आहेत. अगदी तसेच. भोवतीच्या सुरकुत्या सोडल्या तर.

उस्ताद : सुरकुत्या डबीत जात नाहीत.

नबात : उस्ताद. काय बोलताय हे?

उस्ताद : पावलं वाजतायत. मान खाली घाल आणि शिवत राहा. मी आता त्याच्याशी खोटं बोलणार आहे. मध्ये पडू नकोस.

नायब : चला. माळ्याचं तोंड बंद झालं.

नबात : मेला?

नायब : नाही ग, दमला. जगेल. पोराला आण बाहेर.

उस्ताद : आधी चित्र पुरं करू, नायबसाहेब.

नायब : आधी? आणि बघून रंगवणार म्हणत होतास ते?

उस्ताद : कापल्यावर काय बघायला मिळणार मला? रक्त आणि सूज. सूज उतरायला आठ-दहा दिवस. पोर तडफडणार, त्याला धरणार कोण? आणि शाहांना चित्र आज हवंय. त्यापेक्षा तुम्ही सांगा, मी रंगवतो. जखम भरल्यावर तोंड कसं दिसतं, ते तुमच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही.

नायब : ते खरंय.

उस्ताद : पापण्या कशा राहतात?

नायब : आत बसतात. वरची खालचीवर टेकते, पण पुरती मिटत नाही. मध्ये बारीक फट राहते.

उस्ताद : काळी?

नायब : लालसर. मग हळूहळू तपकिरी होते. पापणीचे केस आत वळतात. टोचत असावेत, कारण सारखा हात जातो तिथे.

उस्ताद : भुवया?

नायब : खाली येतात. सगळं कपाळच खाली येतं. तोंड एकदम म्हातारं दिसतं. दाई, तू कशाला थांबलीस? शीव.

नबात : शिवतेय.

उस्ताद : मान कशी धरतात? खाली?

नायब : लोकांना वाटतं, खाली. पण नाही. वर धरतात. पहिले काही दिवस सगळेच तोंड वर करून असतात, कुणीकडून काय येतंय त्याची चाहूल घेत. एक होता, याच्याच एवढा. शिराझकडे. त्याचं काम झालं, आणि ओरडायचं थांबल्यावर त्याने मला विचारलं, दिवा कुणी विझवला? भर दुपारी. मलाच विचारलं. मी कोण ते त्याला कुठे ठाऊक होतं?

उस्ताद : तुम्ही काय सांगितलंत?

नायब : काय सांगणार? म्हटलं, लावतो.

उस्ताद : हं. ओठ?

नायब : बस झालं आता. ओठ तुझ्या मनाने कर.

उस्ताद : झालेच. घ्या, बघा. काही चुकलं का?

नायब : झाक ते.

उस्ताद : अजून ओलं आहे.

नायब : मग रंगांची पेटी पालथी कर त्याच्यावर. माझ्यासमोर नको. तू हे कधी पाहिलं नाहीस, खरं सांगतोस?

उस्ताद : तुम्ही सांगितलंत तसं केलं. आता एक विचारतो. हे चित्र ज्याने पाहिलं, तो पोराचे डोळे गेलेच नाहीत असं म्हणेल?

नायब : चित्र पाहून नाही म्हणणार. पण बरोबर डबी आहे. ती उघडणारच. आणि तू काय म्हणतोयस ते मला कळतंय बरं का. लहान नाही मी.

उस्ताद : डबीत दुसरं काही गेलं तर?

नायब : कोकराचे? केलं होतं एका शहाण्याने. कोकराच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते. शाहांचा वैद्य डबी उघडून हसला. मग त्या शहाण्याचे त्याच डबीत घालून पाठवले. मेलेल्या माणसाचे म्हणशील, तर ते लगेच दुधाळ होतात.

उस्ताद : जिवंत माणसाचे?

नायब : मोठ्या माणसाचे डोळे मोठे असतात.

उस्ताद : असतात? आठवून बघा. तुमच्या हातातून दोन्ही गेलेत. पोराचं नाक वाढतं, कान वाढतात, जबडा वाढतो. डोळा मात्र सात वर्षांचं पोर होईपर्यंत जवळजवळ वाढून झालेला असतो. म्हणून तर पोरांचे डोळे टपोरे दिसतात. तोंड त्यांच्याभोवती मागाहून येतं. ज्या चिताऱ्याला हे कळत नाही, त्याच्या हातून शहाजादा म्हणून बुटका म्हातारा उतरतो. मला सोळाव्या वर्षी हे कळलं, तेही बापाचे फटके खाऊन. तुम्हाला तर फटके न खाता कळायला हवं होतं.

नायब : खरं आहे. च्यायला, खरं आहे. पोराचेही मुठीत भरतात. कधी लक्षातच आलं नाही.

उस्ताद : आता आलं ना.

नायब : आणि हा रंग कुठून आणशील? मधासारखा?

उस्ताद : इकडे बघा.

नायब : उजेडात ये. आणखी थोडा. अरे लेका.

उस्ताद : बघितलंत?

नायब : बघितलं. आता खरं सांग, काय खेळ चाललाय तुझा? चांगले डोळे कुणी असे देत नाही. बाहेर माणसं ठेवलीयस? गळ्यात काही लपवलंयस? मी पुढे वाकलो की भोसकणार?

उस्ताद : झडती घ्या. आणि चांगले आहेत म्हणून कुणी सांगितलं? लांबचं दिसतं. वाड्याच्या कंगोऱ्यावरचं कबूतर सांगतो, नर की मादी. जवळचं गेलं. दोन वर्षं झाली. हातभर अंतरावर नुसतं धुकं.

नायब : आणि हे आत्ता रंगवलंस ते?

उस्ताद : हाताला सवय आहे. तुमचा हात काय बघून चालतो?

नायब : थांब. ही अंगठी बघ. अकिकाच्या खड्यावर काय कोरलंय?

उस्ताद : आणखी जवळ धरलीत तर अजूनच दिसणार नाही. लाल आहे काहीतरी. रेघा आहेत. नाव असेल.

नायब : कुणाचं?

उस्ताद : तुमचंच असेल. दुसऱ्याची अंगठी काढून घेतली असेल तर त्याचं.

नायब : माझ्या बापाचं आहे. दाई, हा खरं बोलतोय? तू तीन दिवस याच्यासमोर बसलीयस.

नबात : मला काय कळतं, साहेब. पण मघाशी शरबताचा पेला पुढे ठेवला होता, तर हातानं चाचपत होते.

नायब : हं. आंधळा चितारी. आणि अख्खं हमदान याच्या नावाने शपथा घेतं.

उस्ताद : म्हणून तर म्हणतो. आज ना उद्या ही लबाडी उघडी पडणार. एखाद्या शहाजादीला दोन नाकं काढीन आणि दरबारात जोडे खाईन. त्यापेक्षा हे काय वाईट?

नायब : आणि मला काय मिळणार यात? पकडलो गेलो तर माझी मान जाईल.

उस्ताद : तुमचे वडील कसे गेले, नायबसाहेब?

नायब : त्यांचं नाव काढू नकोस.

उस्ताद : सगळ्यांना ठाऊक आहे ते. ज्या पोराचे डोळे त्यांनी काढले, त्याची आई सात वर्षांनी जनानखान्याची मालकीण झाली. तिच्या गुलामांनी त्यांना हमामात गाठलं. भिंत धुवायला किती दिवस लागले म्हणे. या पोराचा मामा, गुलामाचा सरदार झालेला, फौज घेऊन तिफ्लिसच्या वाटेने इकडे येतोय. आजचे शाह पुढच्या नवरोजापर्यंत टिकतील, असं तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगता येतं? नाही येत. मला पण नाही येत. उद्या हे पोर इथे हाकीम होऊन आलं, तर त्याला कोणता नायब आठवावा, ते तुम्ही ठरवा.

नायब : जीभ आधी कापायला हवी होती तुझी.

उस्ताद : डबीत जीभ मागितलेली नाही.

नायब : आणि तुझ्या तोंडाचं काय सांगू लोकांना? उद्या खोबणीवर फडकं बांधून फिरशील, कुणी विचारलं तर?

उस्ताद : कोण विचारतंय? बंडखोराच्या डोक्यावर मी ताज रंगवला होता गेल्या साली. हाकीमसाहेबांनीच रंगवून घेतला. ते चित्र दिवाणखान्यात अजून टांगलंय. तेवढ्यासाठी माझे डोळे गेले, म्हणून सांगा. लोक म्हणतील, थोडक्यात सुटला.

नायब : पोराचं?

उस्ताद : पट्टी बांधून दाईबरोबर करबल्याच्या काफिल्यात. उद्या पहाटे निघतोय. आंधळं पोर इमामांच्या दर्ग्यावर जातंय, कोण अडवणार? खानकिनची चौकी ओलांडली की तुर्कांचा मुलूख. तुम्ही फक्त वेशीवर तुमचा माणूस पाठवा, झडती न घेता सोडायला.

नायब : एक राहिलं. माझी माणसं अंगणात कान लावून बसलीयत. पोर ओरडलं नाही तर? आणि तुझ्यासारखा घोडा ओरडला तर?

उस्ताद : मी ओरडणार नाही.

नायब : सगळे असंच म्हणतात.

उस्ताद : तोंडात कातडं द्या. नबात, पोराला तुला ओरडायला लावायचंय.

नबात : मी?

उस्ताद : तूच. खरं ओरडलं पाहिजे. खोटं रडणं या माणसांना लगेच कळतं, त्यांचा धंदा आहे तो.

नबात : मारू त्याला? या हाताने? आणि मारलं तरी नाही रडायचा तो. शहाजादा रडत नसतो म्हणून बापाने शिकवलंय. ओठ आवळून उभा राहील, माझ्याकडे बघत.

नायब : मग मी जातो आत.

नबात : तू पाऊल तर टाक त्या उंबऱ्याच्या आत. एक हात चांगला आहे अजून माझा.

उस्ताद : नबात. ऐक. त्याचं तितर आहे.

नबात : नाही.

उस्ताद : त्याच्यासमोर. त्याच्या हातातून घेऊन. पट्टीला रक्तही लागेल.

नबात : अंडं फोडून आलं तेव्हापासून आहे ते त्याच्याजवळ. त्याच्या उशाला झोपतं. उस्ताद, तो मला कधी माफ करणार नाही.

उस्ताद : नाही केलं तर न करो. माफ न करायला डोळे तर राहतील.

नबात : हात झडोत तुमचे. दोघांचेही.

नायब : जाते का ती?

उस्ताद : जाईल. तिला काही म्हणू नका. जा, नबात. आणि लगेच पट्टी बांध, ओरडत असतानाच.

नायब : बस इथे. डोकं भिंतीला टेकव. ते कातडं चाव.

उस्ताद : जरा थांबा. कुंचला धुवायचा राहिलाय.

नायब : आता कशाला?

उस्ताद : सवय आहे. हं. झालं.

(दुपारची बांग होऊन गेली आहे. आतल्या खोलीतलं ओरडणं थांबलं आहे. उस्तादच्या डोळ्यांवर नबातच्याच रेशमाचा उरलेला तुकडा बांधला आहे.)

नायब : शुद्धीवर आहेस?

उस्ताद : आहे. दुर्दैवाने.

नायब : ओरडला नाहीस. कातड्याचे दोन तुकडे केलेस, पण ओरडला नाहीस. डबीवर मी शिक्का मारलाय. चित्रही सुकलंय, कापसात बांधलं. स्वार तयार आहे.

उस्ताद : जा मग.

नायब : जातो. उस्ताद, माझ्या अंगठीवर काय आहे?

उस्ताद : आता कशाला विचारतोस?

नायब : सांग.

उस्ताद : तुझ्या बापाचं नाव. त्याच्याखाली सरूचं झाड. शेंड्याची फांदी तुटलीय, कशावर तरी आपटून.

नायब : वाटलंच. चित्र कापसात घालताना पुन्हा बघितलं मी. पापणीचा केस न् केस वेगळा आहे त्यात. धुक्यात बसून कुणी असं रंगवत नाही. पण खरं सांगायचं तर मला तेव्हाच कळलं होतं, अंगठी धरली तेव्हा. तुझी नजर अक्षरांवरून गेली.

उस्ताद : कळलं होतं, मग कापलंस का?

नायब : डबी भरायची होती. आणि निकामी डोळे आहेत म्हणालास, म्हणून हात चालला. आमच्या धंद्यात एवढंसं पुरतं. वेशीवर सांगून ठेवतो. पहाटे मी स्वतः उभा राहीन.

उस्ताद : नायब.

नायब : काय?

उस्ताद : मलाही वाटलं होतं रे, कुणी दिवा विझवला म्हणून.

नायब : येतो मी.

नबात : गेला. घोड्याचा आवाज वेशीकडे गेला. पाणी देऊ?

उस्ताद : दे. पोर?

नबात : कोपऱ्यात बसलाय. पट्टी बांधलीय. रक्त सगळं पुढ्यात सांडलं, झगा भरला. नायबाच्या माणसाने दारातून डोकावून बघितलं आणि थुंकून गेला. पटलं त्याला.

उस्ताद : पट्टी काढायला बघतो का?

नबात : नाही. मी म्हटलं, काढायची नाही, तर हात मांडीवर ठेवून बसलाय. तुमच्यासमोर बसायचा तसा. माझ्याशी बोलत नाही. जवळ गेले तर अंग चोरतो.

उस्ताद : आज नाही बोलायचा.

नबात : विचारलं एकदाच, नबातनं का मारलं त्याला? मला नाही, भिंतीला विचारलं. मी काय सांगू, उस्ताद? त्याच्या बापाला मारलं, ते अजून त्याला ठाऊक नाही. तितरासाठी असा रडला, की बापासाठी रडायचं रडणंही त्यात संपलं असेल.

उस्ताद : संपत नसतं ते.

नबात : दुखतंय?

उस्ताद : फार. पण एक गंमत सांगू? नजरेपुढे चित्र आहे अजून. तो चार वर्षांचा, पडद्यातून डोकं बाहेर काढलेला. हसत. ते मी कधी रंगवलं नव्हतं. मला त्याचा फार लळा होता, नबात. कधी बोललो नाही.

नबात : तुम्ही चला आमच्याबरोबर काफिल्यात.

उस्ताद : दोन आंधळे एका दाईबरोबर? कुणीही थांबून विचारेल. नको. माझी बहीण बाजारापाशी राहते, तिच्याकडे टाक मला. जाताना एवढंच कर. पट्टी घट्ट राहू दे. वाटेत कुणी जळतं लाकूड तोंडापुढे धरून बघेल, हसायला म्हणून. पट्टीआड तो पापणीसुद्धा हलवणार नाही, पण तू घाबरू नकोस. खानकिनच्या चौकीपर्यंत सोडू नकोस.

नबात : आणि चौकीपलीकडे गेल्यावर?

उस्ताद : मग सोड पट्टी. पण त्याआधी कुठूनतरी एक तितर विकत घे, आणि हातात धरून त्याच्यासमोर बस.